यंत्राचे विरजण

घरातले विरजण संपले, की वाटी घेऊन शेजारी जावे लागते. ‘वहिनी, विरजणापुरतं दही द्या हो,’ असे म्हणत दारात आलेल्या शेजारणीला रिकाम्या वाटीने कोणी परत पाठवीत नाही. दूध पावशेर असो की घागरभर असो, त्याचे चांगले दही लागायला चमचाभर दही बाहेरून यावे लागते. हे पाहून एखादे चौकस पोर आजीला विचारते, ‘आजी, मग जगातलं सगळ्यात पहिलं दही कुठून आलं?’ आणि आजी म्हणते, ‘झोप आता.’

श्रोतेहो, हाच प्रश्न गेल्या पाऊणशे वर्षांत संगणक बनविणाऱ्यांना पडत आला आहे, आणि त्यांना ‘झोप आता’ म्हणून भागण्यासारखे नव्हते. आज आपण खिशातल्या बोटभर पेन ड्राइव्हवरून संगणकाला जागे करतो, त्यावर नवी कार्यप्रणाली बसवितो. हे आपल्याला सहज वाटते. पण त्या पेन ड्राइव्हमागे एक जुना पेच आणि तो सोडविण्याचा मोठा इतिहास आहे.

मी स्वतः यंत्रविद्येतला नव्हे, इतिहास शिकविणारा माणूस. या विषयाकडे वळलो तो एका अडचणीमुळे. आमच्या विभागातला जुना संगणक एके दिवशी सुरू होईनासा झाला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ येई, तिचा अर्थ असा की सुरुवात करण्याजोगे काहीच सापडत नाही. त्या यंत्रात तीन वर्षे खपून जमविलेल्या मोडी कागदांची छायाचित्रे होती. मूळ कागद ज्यांच्या माळ्यावर होते त्यांचे घर मध्यंतरी पडले होते. दुरुस्तीवाल्याने सांगितले, ‘सगळं पुसून नवीन टाकून देतो.’ मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात शास्त्र शाखेतला एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, जरा थांबा. पुसू नका.’ त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला, यंत्राला लावला आणि दोन-तीन कळा दाबल्या. पाच मिनिटांत पडद्यावर एक निराळीच कार्यप्रणाली उभी राहिली. आतली तबकडी शाबूत होती. सगळी छायाचित्रे त्याने दुसरीकडे उतरवून दिली आणि म्हणाला, ‘सर, यंत्र मेलं नव्हतं. त्याला उठवणारं कोणी नव्हतं.’

या एका वाक्यात सगळा विषय आला. संगणक काम करतो तो आज्ञावलीच्या जोरावर. वीज गेली की त्याची कामाची स्मृती कोरी होते. कार्यप्रणाली तबकडीवर जपून ठेवलेली असते खरी, पण ती तबकडीवरून वाचून स्मृतीत आणायची कशी, हे सांगायलाही आज्ञावली लागते. आणि ती आज्ञावली असते त्याच तबकडीवर! कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीतच राहावी, तसा हा प्रकार. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी दृष्टान्त दिला आहे, की नट कितीही तरबेज असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढून बसू शकत नाही. इंग्रजांचा दृष्टान्त बुटाचा आहे. त्यांच्या उंच बुटांना मागे ओढून घ्यायला एक पट्टी असते, तिला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच जमिनीवरून उचलणे, म्हणजे अशक्य ते करणे. संगणकाच्या सुरुवातीला हे नाव चिकटले, आणि पुढे त्याचा झिजून नुसता ‘बूट’ राहिला. आज आपण ‘मशीन बूट होत नाही’ म्हणतो, त्याचा पायातल्या बुटाशी एवढाच संबंध.

आता हा पेच पहिल्यांदा कसा सुटला ते पाहू. इंग्लंडात मँचेस्टरच्या विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका लहानशा यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथम चालवून दाखविली. त्या यंत्राला लाडाने ‘बेबी’ म्हणत. त्याची स्मृती अवघ्या ३२ शब्दांची. ती आज्ञावली आत गेली कशी? माणसाने हाताने बटणे दाबून! एकेक आज्ञा, एकेक खूण. म्हणजे आजीच्या नातवाला यंत्रापुरते उत्तर देता येते: पहिले विरजण माणसाच्या बोटांनी घातले.

पण मोठी आज्ञावली रोज हाताने कोण घालणार? पुढच्याच वर्षी केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांच्या हाताखाली ‘एडसॅक’ नावाचे यंत्र उभे राहिले आणि ६ मे १९४९ रोजी त्याने पहिली आज्ञावली चालविली. त्या मंडळींनी एक युक्ती केली. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये नंबर जोडण्यासाठी जे फिरते स्विच वापरीत, त्यांच्यात तारा जोडून ३१ आज्ञा कायमच्या बसवून टाकल्या. बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत, आणि त्यांचे काम एवढेच की भोके पाडलेली कागदी पट्टी वाचून पुढची आज्ञावली आत घ्यायची. या ३१ आज्ञा रचणारा डेव्हिड व्हीलर त्या वेळी २२ वर्षांचा संशोधक विद्यार्थी होता. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढच्या सगळ्या काळात यंत्रे बदलली, पण रीत हीच राहिली. आत थोडेसे कायमचे कोरून ठेवायचे. त्याने बाहेरचे थोडे अधिक आणायचे. आणि त्याने मग उरलेले सगळे.

अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या ‘७०१’ या यंत्राला, १९५२–५३ च्या सुमारास, ‘लोड’ नावाचे बटणच दिले होते. ते दाबले की यंत्र भोकांच्या कार्डांवरून, चुंबकीय फितीवरून किंवा फिरत्या पिंपावरून पहिला शब्द वाची, आणि तो शब्द पुढच्यांना हात धरून आत आणी. ‘बूटस्ट्रॅप’ हा शब्द या कामी याच सुमारास रूढ होऊ लागला. आपल्याकडे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पूर्णपणे येथेच रचलेला संगणक १९६० साली चालू झाला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. तेव्हा हा पेच साता समुद्रांपलीकडच्यांचाच होता, असे नाही. तो कुलाब्यालाही पोहोचला होता.

यंत्रे लहान आणि स्वस्त झाली, तशी गंमत अशी झाली की विरजण घालण्याचे काम पुन्हा बोटांवर आले. १९७५ च्या जानेवारीत ‘आल्टेअर ८८००’ हा घरी जुळविण्याचा संगणक एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. त्याला ना पडदा, ना टंकफलक. पुढे नुसत्या खटक्यांच्या रांगा आणि लुकलुकणारे दिवे. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोघा तरुणांनी त्याच्यासाठी बेसिक भाषेची आज्ञावली लिहिली. ती दाखवायला ॲलन विमानाने आल्बुकर्कीला निघाला. विमान उतरायच्या सुमारास त्याच्या ध्यानात आले, की कागदी पट्टीवरची ही आज्ञावली आत घेणारी छोटी आज्ञावली तर आपण लिहिलेलीच नाही! म्हणजे लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाने मंगळसूत्र घरी विसरावे, तसे झाले. त्याने बसल्या जागी कागदावर ती लिहून काढली आणि कंपनीत गेल्यावर एकेक खटका खालीवर करून यंत्रात भरली. मग कागदी पट्टी फिरली. यंत्राला दोन अधिक दोन विचारले. ते म्हणाले, चार. पुढे जगभर पसरलेल्या एका धंद्याचा पाया त्या मूठभर आज्ञांवर टेकला होता.

याच्या थोडे आधी, १९७१ साली, आय.बी.एम.ने एक वस्तू काढली होती. जुन्या मंडळींना ती ‘फ्लॉपी’ म्हणून आठवत असेल. पुष्कळांची समजूत अशी, की फ्लॉपी निघाली ती कागदपत्रे साठविण्यासाठी. खरी हकिगत निराळी आहे. कंपनीच्या ‘सिस्टिम ३७०’ या मोठ्या यंत्रांत नव्या तऱ्हेची स्मृती आली होती. वीज गेली की ती कोरी होई. तेव्हा यंत्राच्या अंतरंगातल्या मूळ सूचना दर वेळी पुन्हा भरणे आले. त्या गिऱ्हाइकांकडे पोस्टाने पाठविता याव्यात, म्हणून आठ इंचांची ही लवचीक तबकडी बनविली. प्रथम ती नुसती वाचता येई, तीवर लिहिता येत नसे. म्हणजे फ्लॉपीचा जन्मच मुळी यंत्राला जागे करण्यासाठी झाला. कागदपत्रे तीवर मागाहून आली.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम.चा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आला आणि रीत पक्की झाली. मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये ‘बायोस’ नावाची छोटी आज्ञावली कायमची असे. यंत्र सुरू झाले की ती हातपाय तपासून पाही, मग फ्लॉपीचा अगदी पहिला तुकडा वाची. हा तुकडा ५१२ बाइटांचा, म्हणजे आपल्या पोस्टकार्डावरच्या मजकुराएवढा. तो काय सांगेल ते बायोस निमूटपणे ऐके. कोण आला, कुठून आला, ही चौकशी नाही. पहिला येईल तो घरचा धनी!

याचा गैरफायदा घेतला गेला नसता तरच नवल. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू रचला. आपली आज्ञावली लोक चोरून उतरवितात, त्यांना धडा मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा विषाणू फ्लॉपीच्या नेमक्या त्या पहिल्या तुकड्यात जाऊन बसे. विरजणच खराब निघाले तर दूध कितीही निर्भेळ असून काय उपयोग? त्या एका अनुभवाचे पडसाद पुढे फार दूरवर गेले. त्याकडे नंतर येऊ.

फ्लॉपीची जागा हळूहळू सीडीने घेतली. पण सीडीवरून यंत्र सुरू करण्याची सर्वमान्य रीत १९९५ साली ठरली. तिला ‘एल टोरिटो’ असे नाव आहे. दोघा अभियंत्यांनी ती कॅलिफोर्नियातल्या त्या नावाच्या खाणावळीत जेवता जेवता ठरविली, अशी आख्यायिका सांगतात. त्या रीतीने एक मोठीच वाट मोकळी केली. जर्मनीत क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘क्नॉपिक्स’ काढले. ही सीडी घातली की आतल्या तबकडीला हात न लावता पूर्ण लिनक्स कार्यप्रणाली चाले. पुढे २००५ पासून २०११ पर्यंत ‘उबुंटू’च्या मंडळींनी मागेल त्याला, पत्ता कळवील त्याला, फुकट सीडी टपालाने पाठविल्या. आपल्याकडेही कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी परदेशी तिकिटांची ती पाकिटे येऊन पडली. इंटरनेट महाग आणि संथ असलेल्या त्या दिवसांत ही खरोखर शेजाऱ्याने दिलेली दह्याची वाटी होती.

आता पेन ड्राइव्हकडे येऊ. त्याचे दोन अवयव. दोहोंच्या जन्मकथा वेगळ्या. विजेविना लिहिलेले जपणारी ‘फ्लॅश’ स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी शोधली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. कॅमेऱ्याच्या झगझगाटासारखी ती क्षणात पुसता येते, म्हणून हे नाव. दुसरा अवयव म्हणजे ‘यूएसबी’ची जोडणी. पूर्वी संगणकाच्या पाठीशी छपाईयंत्राचे भोक वेगळे, माउसचे वेगळे, असा गोंधळ असे. सात कंपन्यांनी एकत्र येऊन १९९६ साली एकच जोडणी ठरविली. इंटेल कंपनीतर्फे या कामी पुढे असलेले अजय भट्ट हे बडोद्याचे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियंता होऊन ते अमेरिकेला गेले. ज्या बडोद्याशी मराठी माणसाचे नाते गायकवाडांपासूनचे, त्या गावाच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी जगातल्या यच्चयावत संगणकांच्या जोडणीला कारण व्हावा, याचे आपल्याला कौतुक वाटल्यास गैर नाही.

या दोन अवयवांचे लग्न २००० साली लागले. लावले कोणी, याबद्दल इस्राएल, सिंगापूर आणि चीन इथल्या कंपन्यांत वाद आहे. आय.बी.एम.ने त्या वर्षअखेरीस विकलेला पेन ड्राइव्ह ८ मेगाबाइटचा होता. फ्लॉपीच्या पाचपटीहून थोडा अधिक. आज कार्यप्रणाली बसविण्यासाठी सहसा ८ गिगाबाइटचा, म्हणजे त्याच्या हजारपट मोठा लागतो. संगणकांच्या बायोसला पेन ड्राइव्हवरून उठण्याची सवय लागायला मात्र पुढे काही वर्षे जावी लागली.

असा पेन ड्राइव्ह तयार कसा करतात? कार्यप्रणाली बनविणारे तिची संपूर्ण प्रतिमा एका फाइलीत बांधून देतात. तिला ‘आयएसओ’ म्हणतात. ती फाइल पेन ड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवली तर काही होत नाही. विरजणाची वाटी पातेल्याशेजारी ठेवल्याने दही लागत नाही. ते दुधात कालवावे लागते. तसे, प्रतिमेतला पहिला तुकडा ड्राइव्हच्या पहिल्या जागी आणि बाकीचे आपापल्या ठिकाणी मांडावे लागतात. युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून ‘डीडी’ नावाची आज्ञा हे काम करीत आली आहे. विंडोजवर २०११ पासून ‘रुफस’ नावाची मोफत आज्ञावली लोकप्रिय आहे. मग यंत्र सुरू होताना एफ-२, एफ-१२ किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे जी असेल ती कळ दाबून त्याला सांगायचे, ‘आज आतल्याचं ऐकू नकोस, या पाहुण्याचं ऐक.’

यात एक धोका आहे, आणि तो मी स्वानुभवाने सांगतो. असा पेन ड्राइव्ह बनविताना त्यावर आधी असलेले सगळे पुसले जाते. त्या विद्यार्थ्याचे पाहून मलाही हुरूप आला. घरी एके रात्री मी हा प्रयोग केला. यंत्राला दोन ड्राइव्ह लावलेले होते. यादीतले चुकीचे नाव निवडले. ‘सगळे पुसले जाईल, चालेल ना?’ असे आज्ञावलीने विचारलेही होते. मी हो म्हटले. गेली ती त्याच मोडी कागदांपैकी चाळीसेक कागदांची मी केलेली बाळबोध लिप्यंतरे. छायाचित्रे वाचली होती म्हणून ती पुन्हा करता आली. चार महिने गेले. दोष ना यंत्राचा, ना आज्ञावलीचा. तेव्हा ड्राइव्हचे नाव आणि आकार दोनदा वाचा, बाकीचे ड्राइव्ह काढून ठेवा, आणि आयएसओ फाइल तिच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या. तिच्याबरोबर दिलेली ठशाची लांबलचक संख्या जुळते की नाही तेही पाहा. विरजण कोणाकडचे, हे पाहूनच घ्यावे.

येथून हा इतिहास आपल्या दाराशी येतो. बायोसची जागा आता ‘यूईएफआय’ नावाच्या अधिक जाणत्या व्यवस्थेने घेतली आहे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर तिच्यातली ‘सिक्युअर बूट’ ही तरतूद घरोघर पोहोचली. ‘ब्रेन’सारख्यांचा धसका घेऊन केलेली ही व्यवस्था. यंत्राला आता पाहुण्याच्या सहीची खात्री पटावी लागते. सही ओळखीची नसेल तर दार उघडत नाही. बहुतेक यंत्रांत आधीपासून बसविलेल्या चाव्या मायक्रोसॉफ्टच्या असतात. लिनक्सच्या बऱ्याच मंडळींनाही आपल्या पहिल्या तुकड्यावर तिचीच सही घ्यावी लागते. पुष्कळ यंत्रांत मालकाला हा पहारा बंद करता येतो, काहींत येत नाही. पहारा चांगलाच आहे. चोर खरे आहेत. पण विकत घेतलेल्या यंत्रात पहिला शब्द कोणाचा, मालकाचा की कारखानदाराचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आहे, आणि तो केवळ तंत्रज्ञांचा नाही.

दोन ताज्या गोष्टींनी हे स्पष्ट होईल. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या संरक्षक आज्ञावलीच्या एका सदोष सुधारणेने जगातले सुमारे ८५ लाख संगणक सुरू होईनासे झाले. विमाने खोळंबली, आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरून काही करता येईना, कारण यंत्र जागेच होत नव्हते. मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीसाठी जे साधन दिले, ते होते यंत्राला उठविणारा पेन ड्राइव्ह. माणसांना यंत्रायंत्रापाशी जाऊन उभे राहावे लागले, १९४८ साली मँचेस्टरला राहिले होते तसेच. दुसरी गोष्ट विंडोज १० ची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची मोफत दुरुस्तीसेवा संपली. ज्यांनी वाढीव मुदत घेतली ते निराळे. विंडोज ११ ला नवी सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीचे यंत्र लागते. शाळा-कॉलेजांतली कितीतरी धडधाकट यंत्रे त्यात बसत नाहीत. ती भंगारात जायची की आणखी काही वर्षे मुलांच्या हाताखाली चालायची, हे पुष्कळदा एका पेन ड्राइव्हवर आणि तो लावता येणाऱ्या एका माणसावर अवलंबून आहे.

आमच्या विभागातला तो संगणक अजून चालतो. त्यावर आता लिनक्स आहे, आणि लिप्यंतरे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून ठेवली आहेत. कपाटाच्या वरच्या खणात एक पेन ड्राइव्ह ठेवला आहे. त्यावर चिठ्ठी चिकटविली आहे, ‘उठविण्याचा – पुसू नये’. परवा शेजारच्या विभागातले सहकारी दारात आले आणि म्हणाले, ‘अहो, आमचं मशीन उठत नाही. तुमच्याकडं ते असतं ना, ते जरा देता का?’ मी तो ड्राइव्ह त्यांच्या हाती दिला आणि एवढेच म्हटले, ‘काम झालं की परत आणा.’